सील शाबूत आहे

१

तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा घड्याळजी लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला, तेव्हा लिफ्ट पाचव्या मजल्यावर उभी होती आणि तिच्या पाटीवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: सील शाबूत आहे.

प्रकार साधा होता, म्हणूनच भयंकर. घड्याळजीच्या काठीची वाकडी मूठ लिफ्टच्या दारात अडकली. दार पुरतं मिटलं नाही. दार न मिटता लिफ्ट हलता कामा नये, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण ती हलली आणि वर गेली. म्हाताऱ्याने काठी सोडवायला दार ओढलं, ते उघडलं, आणि लिफ्ट समोरच आहे असं समजून त्याने पाय आत टाकला.

चौकशी समितीने मला बोलावलं. बावीस वर्षं मी अशी सीलं बनवायचं काम केलं. आता गुडघे गेलेत आणि जीभ तेवढी उरली आहे, म्हणून लोक सल्ला विचारतात. मला कुठलीही लिफ्ट थांबवायचा अधिकार नव्हता. अधिकार होता तो फक्त अहवाल लिहिण्याचा.

पहिल्या दिवशी मी एकच शहाणपणा केला. समितीकडून हुकूम काढून घेतला की लिफ्टच्या कंपनीच्या डेपोतल्या एकाही नोंदीला, एकाही यादीला चौकशी संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पुराव्याची राखण! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

इमारतीतून बाहेर पडत होते तेवढ्यात एका बाईने मला फाटकाशी गाठलं. अंगावर प्रयोगशाळेतला पांढरा कोट तसाच होता, कामावरून थेट धावत आली असावी.

"ताई, तुम्हीच का त्या तपासणाऱ्या?" ती म्हणाली. "मी उस्तादांची बायको. लिफ्टचे मेकॅनिक. त्यांनी माणूस मारला असं म्हणतायत सगळे."

"आणि ते काय म्हणतात?"

"ते काही म्हणतच नाहीत. जेवत नाहीत, बोलत नाहीत. ताई, मला दुसरं काही नको. त्यांनी जोडतार घातली नव्हती, एवढं एकदा कागदावर लिहून द्या."

मी म्हटलं, "खरं असेल तर देईन."

किती सहज म्हणून गेले मी.

२

कंपनीचे साहेब म्हणजे लोण्यासारखा माणूस. हात मिळवला तरी हाती काही लागू नये असा.

"मॅडम, गणित सरळ आहे," ते म्हणाले. "कुलूप लागल्याचा इशारा मिळाल्याशिवाय आमचा प्रोग्रॅम लिफ्ट हलवतच नाही. प्रोग्रॅममध्ये कुणी काना-मात्रा बदलली तर सील तुटतं. सील तुटलेलं नाही. म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष. म्हणजे कुलपाचा इशाराच खोटा आला. खोटा इशारा फक्त जोडतारेने देता येतो. आणि जोडतार कुणाच्या पिशवीत होती?"

जोडतार म्हणजे वीतभर वायर. दुरुस्ती करताना मेकॅनिक ती कुलपाला लावून 'दार बंद आहे' असं यंत्राला भासवतो आणि काम झाल्यावर काढून घेतो. प्रत्येक मेकॅनिकच्या पिशवीत ती असतेच, जशी शिंप्याकडे सुई. पण उस्तादने आठ दिवसांपूर्वी याच लिफ्टची देखभाल केली होती. आणि अपघातानंतर गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत सगळ्यांत आधी तोच धावला होता.

"विसरला, आणि मग जाऊन काढून आणली," साहेब म्हणाले. "वाईट वाटतं हो, जुना माणूस."

त्यांना वाईट वाटत होतं ते चहाच्या कपात साखर कमी असल्याचं.

मी तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्या. सील म्हणजे काय, तर प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी स्वतःचीच बेरीज करतो आणि ती ठरलेल्या आकड्याशी जुळवतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बेरीज चुकते. तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. तीन वर्षांत प्रोग्रॅममध्ये एकही बदल नाही, असं डेपोच्या प्रमुखानेही लिहून दिलं होतं. त्या प्रमुखाला सगळे मामा म्हणत.

"मामा, या लिफ्टबद्दल काही तक्रार?" मी विचारलं.

"छे! उलट कौतुकाचं पत्र आलंय," मामा म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा असा झाला, जसा गरम घास तोंडात घेतल्यावर होतो.

३

पत्र इमारतीच्या सूचनाफलकावरच लावलेलं होतं. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने लिहिलेलं. मी तिचं दार ठोठावलं.

"तीन वर्षं बोंबलत होते मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "दार मिटायच्या आधी उगाच रेंगाळायचं. पाच-पाच सेकंद! आत उभं राहून माणसाला वैताग यायचा. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी ऐकलं बाई. दार कसं, मिनिटाच्या आत... अहो, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मिटायचं. म्हणून आभाराचं पत्र धाडलं."

"सगळ्यांना जाणवलं का हे?"

"घड्याळजींनी तर मोजलं होतं. त्यांचा धंदाच तो. म्हणाले, एक सेकंद. पुढे म्हणाले, बाई, इतकी घाई बरी नव्हे." एवढं बोलून त्या पदराने उगाच टेबल पुसू लागल्या.

मी पहारेकऱ्याला लिफ्ट चालू करायला लावली. अपघात होताच त्याने वीज तोडली होती. भिंतीवरच्या सूचनेत तसंच लिहिलं होतं, बिचाऱ्याने नियम पाळला. वीज आली. मी घड्याळ लावलं आणि दाराकडे पाहत राहिले.

पाच सेकंद.

पुन्हा पाहिलं. पाच. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा पाच सेकंद.

मी पायरीवर बसले. तीन वर्षांत बदल नाही म्हणतात, सीलही तेच सांगतं. तरीही दोन महिने दार एका सेकंदात मिटत होतं. आणि वीज जाऊन परत आली तर पुन्हा पाच. जोडतारेने दाराची घाई वाढत नाही. जोडतार कुलपाबद्दल खोटं बोलते, वेळेबद्दल नाही. उस्ताद निर्दोष होता, हे मला त्या पायरीवरच कळलं. पण एक अक्षरही न बदलता प्रोग्रॅम बदलला कुणी, आणि कसा?

४

हा प्रोग्रॅम चोरांपासून वाचावा म्हणून तो एका खासगी भाषेत लिहिलेला असतो. ती भाषा जगात फक्त एकालाच कळते. तो म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या पोटातला दुभाष्या. यंत्राच्या आत आणखी एक यंत्र. मजकुरात शब्द नसतात, नुसते आकडे असतात. दुभाष्या एक-एक आकडा वाचतो, सोबतच्या शब्दकोशात त्याचा अर्थ पाहतो आणि तसं करतो. सतरा म्हणजे 'थांब', चाळीस म्हणजे 'वर जा', असं.

सील मजकुराची बेरीज करतं. दुभाष्याचीही करतं. पण शब्दकोशाची? तो दर सोमवारी बदलतो! चोराने एकदा अर्थ लावला तर पुढच्या आठवड्यात तो फुकट जावा, म्हणून डेपोतून दर सोमवारी तारेवरून नवी यादी येते आणि काही आकड्यांचे अर्थ फिरतात. कुठला अर्थ कुठे सरकला ते यादीसोबतच दुभाष्याला कळतं, म्हणून मजकूर तोच राहून कामही तेच होतं. जी गोष्ट दर आठवड्याला बदलते तिची ठरलेली बेरीज असणार कुठून? म्हणून शब्दकोश सीलच्या बाहेर ठेवलेला. ही युक्ती आमच्याच पिढीची, आणि तिच्यावर आम्ही टाळ्या घेतल्या होत्या. कुंपण एवढं उंच बांधलं, आणि फाटक बसवायचं राहिलं.

पोथी तीच, वाचणारा तोच, आणि अर्थ मात्र दुसरा. सील आयुष्यभर हिरवं राहिलं असतं.

वीज गेली की लिफ्ट कारखान्यातल्या मूळ शब्दकोशावर येते. म्हणून मला पाच सेकंद दिसले. पुढच्या सोमवारी यादी आली की पुन्हा एक.

शब्दकोशाच्या याद्या कंपनीत एकच माणूस करायचा. हळू चालायचा, हळू बोलायचा, म्हणून त्याला सगळे कासव म्हणत. मी त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली. तू बदललंस का, असं विचारलंच नाही.

"दाराची वेळ पाचावरून एकावर आणायची, तर प्रोग्रॅम बदलून नवं प्रमाणपत्र मिळवायला किती दिवस लागतात?"

"आठ... महिने."

"आणि शब्दकोशातून?"

कासवाने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. "एक दुपार," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ही त्यांच्याकडची रीतच होती. बारीकसारीक दुरुस्ती असली की प्रमाणपत्राच्या वाटेला कुणी जायचं नाही. मामा तोंडी सांगायचे, कासव यादीत एखादा अर्थ फिरवायचा. सील शाबूत, गिऱ्हाईक खूश. साहेबांना ठाऊक नव्हतं, कारण आपल्याला काय ठाऊक नसावं हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं.

"सोळा इमारतींची दाराबद्दल तक्रार होती. सगळ्या उस्तादच्याच भागातल्या," कासव म्हणाला. "मी 'थांब'च्या जागी 'पुढे चल' केलं. मला वाटलं, तो आकडा फक्त दार रेंगाळतं तिथेच वापरलाय."

"आणि आणखी कुठे वापरला होता?"

"कुलूप लागेपर्यंत थांब... तिथेही तोच."

म्हणजे सोळा लिफ्ट कुलपाची वाट न बघता निघत होत्या. एरवी कुलूप वेळेत लागायचं, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. काठी, छत्री, पिशवीचा पट्टा, काहीही अडकायचा अवकाश.

"मग आजच्या आज ती यादी दुरुस्त कर!" मी ओरडले.

कासवाने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "कशी करू मॅडम? यादीला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे ना. तुम्हीच काढलाय."

५

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मी गोठवलेली यादी दर सोमवारी आपोआप सोळा लिफ्टना जात होती.

"मग समितीपुढे हेच सांग," मी म्हटलं.

"नाही सांगणार," कासव म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता. "माझ्या सहीचा एक कागद दाखवा. नाही सापडणार. आई अंथरुणावर आहे, मी आत गेलो तर तिचं कोण करणार? उस्ताद चांगला माणूस आहे. मला झोप लागत नाही. पण मी सांगणार नाही."

मामा तर बोलायलाही तयार नव्हते. मग मी वाचनालयात गेले. तिथली लिफ्ट त्या सोळांतलीच. रिकाम्या लिफ्टच्या दारात माझी छत्री आडवी धरली. दार छत्रीवर अडलं, आणि लिफ्ट निघाली. चांगली हातभर वर गेली तेव्हा कुठे मी बाहेरच्या भिंतीवरचं तांबडं बटण दाबलं. छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. सगळं फोनवर टिपलं होतं.

समितीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. गुरुवारी सगळ्यांना घेऊन वाचनालयात आले.

"नियमाप्रमाणे चाचणीच्या आधी वीज बंद करून पुन्हा सुरू करावी लागते," साहेब लोण्यासारखं म्हणाले. "नवी सुरुवात. सगळ्यांना न्याय."

"नको!" मी म्हटलं. "त्यानेच तर पुरावा पुसला जातो!"

"नियम आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले.

वीज गेली आणि आली. मी छत्री धरली. दार पाच सेकंद थांबलं, छत्रीवर अडलं, आणि लिफ्ट गुणी बाळासारखी जागच्या जागी उभी राहिली. वर हिरवी अक्षरं. कुणीतरी मागे खोकल्यासारखं हसलं.

मी फोनवरचं चित्रण दाखवलं. साहेबांनी ते दोनदा पाहिलं.

"धक्कादायक," ते म्हणाले. "ही लिफ्टही उस्तादच्याच भागातली. म्हणजे इथेही जोडतार होती, आणि काल-परवा ती काढून टाकली कुणीतरी."

मी त्याला सोडवायला गेले होते, आणि त्याच्या पायात दुसरी बेडी घालून आले.

"यादी तपासा," मी म्हटलं. "शब्दकोश तपासा!"

"कशाशी ताडून?" अध्यक्षांनी खरोखर समजून घ्यायच्या इच्छेने विचारलं. "प्रत्येक आठवड्याची यादी वेगळी असते म्हणता. मग चुकीची कुठली, ते ठरवायला बरोबरची यादी कुठे आहे?"

बरोबरची यादी नव्हतीच, आणि कारखान्यातल्या मूळ यादीशी कुठल्याच आठवड्याचे आकडे जुळत नसत. ती वाचू शकणारा एकच माणूस होता आणि तो मागच्या रांगेत मान खाली घालून उभा होता.

"निदान हुकूम उठवा. निदान सोळा लिफ्ट बंद करा."

"पुढची बैठक सहा आठवड्यांनी. त्याआधी लिफ्ट बंद करायला दोनच कारणं चालतात," अध्यक्ष म्हणाले. "सील तुटलेलं असेल तर, किंवा मेकॅनिकने छेडछाड लेखी कबूल केली तर. सील शाबूत आहे. आणि तो काही कबूल करत नाही ना?"

६

शनिवारी सकाळी मी उस्तादच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेला पांढरा कोट, भिंतीला टेकवून ठेवलेली हत्यारांची पिशवी. पोलिसांनी ती उलटीपालटी करून परत दिली होती, त्याने पुन्हा नीट लावली होती.

मी त्याला सगळं सांगितलं. शब्दकोश, कासव, मामा, वाचनालय, सगळं. त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"म्हणजे मी तार विसरलो नव्हतो," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"मॅडम, मला स्वतःलाच शंका यायला लागली होती. एवढे सगळे म्हणतात तर विसरलोही असेन. आठवून-आठवून डोकं फुटायची वेळ आली." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "नव्हतो विसरलो. बरं झालं."

"ऐकलंस ना?" तो बायकोला म्हणाला. ती रडत होती आणि हसतही होती.

मग त्याने विचारलं, "बाकीच्या पंधरा अजून चालूच आहेत?"

"हो. आणि सोमवारी वाचनालयाचीही पुन्हा तशीच होईल."

"दातांच्या दवाखान्याची? तिथे पोरं येतात हो, दप्तरं घेऊन. पट्टे लोंबत असतात."

मी मान हलवली. लिफ्ट बंद ठेवा, निदान दर सोमवारनंतर एकदा वीज तोडून जोडा, म्हणून इमारतींच्या मालकांना मी फोन केले होते. त्यांनी कंपनीला विचारलं, आणि कंपनीने हिरव्या अक्षरांचं प्रमाणपत्र पाठवून दिलं.

"बंद करायला काय लागतं म्हणालात?"

मला तिथून उठून जायचं होतं. पण तो वाट पाहत होता, आणि खोटं बोलण्याइतकी मी हुशार नव्हते. मी दोन्ही कारणं सांगितली.

तो उठला, कोऱ्या कागदांची वही घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली. "माझं अक्षर बरं नाही. तुम्ही लिहा."

"अहो!" बायको किंचाळली. "काय करताय? वेड लागलंय का? ताई, यांना सांगा. तुम्ही कबूल केलं होतंत मला!"

"उस्ताद, असं करू नका," मी म्हटलं. "सहा आठवडे आहेत. मी काहीतरी मार्ग—"

"कुठला?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभी राहायला मी वीतभरही जागा ठेवली नव्हती.

"लिहा," तो म्हणाला. "मी, अमुक-अमुक, माझ्या भागातल्या सोळाही लिफ्टना कामाचा वेळ वाचावा म्हणून कुलपावर जोडतार लावत आलो आहे."

मी लिहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं धडधडीत खोटं लिहिलं नव्हतं, आणि ते इतक्या सुवाच्य अक्षरात. त्याने सोळा पत्ते तोंडपाठ सांगितले. एकही अडखळला नाही. मग सही केली.

"खाली साक्षीदार लागतो," मी म्हणाले. "मी चौकशीतली, मला चालत नाही. घरातलं माणूस चालतं."

त्याने बायकोकडे पाहिलं. "त्या पोरांसाठी," तो म्हणाला. "मला माहीत आहे ना मी काय केलं नाही ते. आता तुलाही माहीत आहे."

तिने चौकट सोडली. मग आली, खाली बसली, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. पेनाचं टोपण लावून ते माझ्या हातात दिलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही आता या."

अध्यक्षांनी तासाभरात हुकूम काढला. सोळाही लिफ्टना कुलूप, डेपोची यादी रद्द, पूर्ण तपासणी. तपासणीत जोडतार कुठेच सापडली नाही. साहेब म्हणाले, काढून टाकली असणार. अध्यक्षांनी मला मुद्दाम फोन केला. "कबुलीमुळे आपलं काम सोपं झालं," ते म्हणाले, "तुमच्या अहवालात आता फक्त सीलचा रकाना भरून द्या." मी शब्दकोशाबद्दल नऊ पानं जोडली. ती मागे टाचली गेली.

सोमवारी दुपारी मी दातांच्या दवाखान्यापाशी गेले. लिफ्टच्या दाराला साखळी होती. आया पोरांना ओढत चार मजले जिना चढत होत्या आणि पोरांच्या दप्तरांचे पट्टे पायरी-पायरीला लोंबत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक आई धापा टाकत थांबली.

"त्या हलकट मेकॅनिकमुळे ही पाळी आली," ती मला म्हणाली. "असल्यांना फाशीच द्यायला हवी."

मी तिच्या पोराचं दप्तर हातात घेतलं आणि तिच्यासोबत जिना चढू लागले.